गावातल्या घरातनं मळ्यातल्या घरात नेट न्यायचंय, अंतर २९० मीटर, लॅन केबल पोचेल काय?

मळ्यातला_मी
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातला आहे, नंदगडच्या अलीकडं आमचं गाव. गावठाणात जुनं घर आहे तिथं फायबरचं कनेक्शन आहे १०० एमबीपीएसचं, झकास चालतंय. मळ्यात दोन खोल्या बांधल्यात आणि मी आता तिथंच राहतोय, कंपनी पुण्याची, काम घरनं. मळ्यात मोबाईलला एक कांडी येते ती पण पत्र्याखाली आलं की जाते. केबलवाला म्हणतोय मळ्यापर्यंत आमचे खांब नाहीत, तिथं कनेक्शन मिळणार नाही.
सरळ धरलं तर २४० मीटर, पण मधी दुसऱ्याचं भात आहे म्हणून बांधाबांधानं जायला लागतंय, ते २९० होतंय, टेपनं मोजलंय. दुकानदार म्हणाला कॅट सिक्सचा अख्खा बॉक्स ३०५ मीटरचा येतो, मधी जोड न देता एकच लांबी टाका, काय होत नाही. थोरला भाऊ म्हणतोय घेऊन टाकू. पण बघावं तिथं १०० मीटर, १०० मीटर लिहिलंय. मग बॉक्स ३०५ चा काढतात कशाला? गोठ्यात दोन कॅमेरे पण लावायचेत पुढं. जाणकारांनी सांगा.

चंदगडी_काजू
बॉक्स ३०५ चा असतोय कारण १००० फूट म्हणजे ३०५ मीटर, एवढंच. तो कापून कापून वापरायला असतोय, अख्खा अंथरायला न्हवं. दुकानदाराला बॉक्स खपवायचाय, तुझं नेट चालवायचं नाही.

निपाणीचा_गडी
मी कॅमेऱ्याची कामं करतो निपाणी-चिकोडी पट्ट्यात. २९० ला गिगाबिट विसरा, १०० एमबीपीएस पण विसरा. पण हा, कॅमेऱ्याच्या पीओई स्विचला (लॅन केबलीतनंच करंट पण देणारा स्विच) बारकं बटन असतंय एक्सटेंडचं, ते दाबलं की तोच पोर्ट १० एमबीपीएसवर येतो आणि २५० मीटरपर्यंत कॅमेरा पळतो. तंबाखूच्या वखारींना मी असे किती लावलेत. चांगली केबल पाहिजे फक्त. तुमचं २९० आहे म्हणजे त्याच्या पण बाहेर जातंय, पण मधी एक स्विच टाकला तर आरामात.

मळ्यातला_मी
दादा १० एमबीपीएसवर माझं काम कसं होणार, दिवसभर मीटिंगा असतात, शिवाय संध्याकाळी पोरं टीव्ही लावतात. आणि मधी स्विच म्हणजे तिथं लाईट कुठनं आणू, मधी नुसतं भात आणि एक फणस आहे.

कॉलेजकट्टा
आम्हाला सरांनी शिकवलंय की १०० मीटर हे कोलिजनमुळं आहे. म्हणजे दोन कॉम्प्युटरनी एकदम बोललं की टक्कर होते आणि ती टक्कर झाल्याचं वेळेत कळायला पाहिजे. आता स्विच आले, टक्कर होत नाही, मग १०० चं बंधन कागदावरच राहिलं ना? ३०० ला चालायला काय हरकत?

उद्यमबागकर
सरांनी सांगितलं ते हबच्या (एकाचं बोलणं सगळ्यांना पाठवणारा जुना डबा) काळातलं, तेव्हा खरं होतं पण अर्धंच. १०० एमबीपीएसला सगळ्यात लहान फ्रेम ६४ बाइटची, म्हणजे ५१२ बिट, ती जायला ५.१२ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्या वेळात टक्करीची खबर माघारी यायला पाहिजे, म्हणून हब लावलेल्या सगळ्या नेटवर्कचा पसारा मिळून दोनशे मीटरच्या आसपास ठेवायला लागायचा. आता फुल डुप्लेक्समध्ये यायला-जायला वाट वेगळी, टक्करच नाही. ते बंधन गेलं. तांब्याचं बंधन राहिलं.
आता तांब्याचं ऐका, कारण हेच कुणी नीट सांगत नाही. कॅट फाइव्ह ईच्या स्टँडर्डात १०० मीटरच्या पूर्ण जोडणीला (९० मीटर भिंतीतली ताठ केबल आणि दोन्हीकडची मिळून १० मीटर मऊ पॅच कॉर्ड, असा हिशोब असतो) १०० मेगाहर्ट्झवर २४ डीबीपर्यंत घट धरलेली आहे. २४ डीबी म्हणजे इथनं सोडलेल्या ताकदीचा अडीचशेवा भाग तिकडं पोचतो. चिप तेवढ्यातनं अक्षर ओळखते. आता अंतर तिप्पट केलं तर घट पण तिप्पट, पण ती डीबीत तिप्पट, म्हणजे अडीचशेचे अडीचशे पट आणि त्याचे परत अडीचशे पट, दीड कोटीवा भाग. शिवारात या टोकाला उभं राहून हाक मारल्यागत आहे, हाक पोचते पण शब्द कळत नाहीत, आणि शेजारी पंप चालू असला तर हाक पण नाही. तो पंप म्हणजे शेजारच्या जोडीतनं येणारा गोंगाट, क्रॉसटॉक.
आणि निपाणीवाल्यांचं बटन का चालतं ते पण यातच आहे. १० एमबीपीएसचा सिग्नल १० मेगाहर्ट्झच्या आसपास असतो, तिथं घट १०० मीटरला ७ डीबीच्या आतबाहेर, म्हणजे २५० ला सतरा-अठरा डीबी, ते झेपतं. जादू काय नाही, स्पीड खाली आणला की तीच तार लांब पोचते.

कॉलेजकट्टा
दीड कोटी 😳 हे सरांना विचारतो उद्या.

चंदगडी_काजू
विचार पण आधी मार्क घेऊन ठेव.

निवृत्त_लाईनमन
उद्यमबागकरांचं बरोबर आहे. मी टेलिफोनात नोकरी केली, लाईनमन म्हणून लागलो आणि केबल सेक्शनमधून निवृत्त झालो. त्याच तांब्याच्या जोडीवरून आम्ही तीन-तीन किलोमीटर ब्रॉडबँड नेलेलं आहे, कारण ते खालच्या फ्रिक्वेन्सीत चालायचं. आजही व्हीडीएसएलचे एक्सटेंडर मिळतात, जोडीने घ्यायचे, एक इकडे एक तिकडे, मध्ये टेलिफोनची साधी एक जोडी. तीनशे मीटरला बऱ्यापैकी स्पीड देतात, अंतर वाढेल तसा कमी होतो. तुमच्याकडे जुनी जेलीवाली केबल पुरलेली असती तर मी म्हटलं असतं हेच करा. पण नवीन काहीतरी पुरायचंच असेल तर तांबं पुरू नका. कारण पुढे लिहितो, जेवून येतो.

कणकुंबीचा_पाऊस
हे सगळं कशाला, दोन घरांच्या छपरावर वायरलेस ब्रिज लावा ५ गिगाहर्ट्झचे, समोरासमोर, खणायला नको पुरायला नको. २४० मीटर म्हणजे त्यांना काहीच नाही.

मळ्यातला_मी
बघितलं ते. मधी फणस आहे, त्याच्या अलीकडं आंब्याची रांग, आणि पलीकडच्यानं यंदा ऊस लावलाय. समोरचं छप्पर दिसतच नाही. मनोरा उभारला तर होईल पण तेवढा खांब वळवात टिकवायचा कसा.

कणकुंबीचा_पाऊस
मग राहू दे. पावसाचं एवढं नाही, एवढ्या अंतराला पाऊस त्या फ्रिक्वेन्सीला काय करत नाही, पण ओली पानं मधी आली की संपलं. अनुभव आहे, आमच्याकडं जून ते सप्टेंबर पानं वाळतच नाहीत.

निपाणीचा_गडी
मधल्या स्विचचं सांगतो, लाईट लागत नाही त्याला. पीओई एक्सटेंडर म्हणून डबी मिळते, एका बाजूनं केबल येते त्यातनंच करंट घेते आणि पुढच्या १०० मीटरला सिग्नल नवा करून पाठवते, करंट पण पुढं देते. ९७ वर एक, १९४ वर एक, झालं तुमचं २९०. स्पीड पूर्ण १०० मिळेल, गिगाबिटची डबी घेतली तर गिगाबिट.

उद्यमबागकर
चालतं, नाही म्हणत नाही. पण करंटचा हिशोब करा. जुन्या एएफ पीओईला स्विचकडनं १५.४ वॅट निघतात, १०० मीटरवर १२.९५ मिळतील एवढीच खात्री. त्यातनं दोन डब्या आपापलं खाणार, मग पुढच्या टोकाला काय उरतंय बघा. एटी घेतला तर ३० निघतात, २५.५ पोचतात, तोच घ्या. आणि शेतात उघड्यावर दोन डबे म्हणजे दोन दुखणी. आमच्या कारखान्याच्या कंपाउंडला असा एक डबा आहे, उघडला की आत मुंग्यांचं अख्खं वारूळ, पालीची अंडी, आणि कनेक्टरच्या सोनेरी पिना हिरव्या पडलेल्या. करंट वाहत्या तांब्याला ओल लागली की ते हिरवं येतंच. तुमचा खानापूरचा पाऊस आमच्यापेक्षा जास्त.

टिळकवाडीची_ताई
मी एका शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळते, तिथलं सांगते. दोन इमारती, मध्ये साठ-सत्तर मीटर, म्हणजे १०० च्या आतच, आणि वरून लॅन केबल टाकलेली. एका मे महिन्यात वळीव आला, वीज शाळेवर पडली नाही, मागच्या माळावर कुठंतरी पडली, आणि दोन्हीकडचे स्विच, राऊटर आणि त्या स्विचला जोडलेल्या चार कॉम्प्युटरची नेटवर्क कार्डं एका झटक्यात गेली. ज्या खोल्यांना बाहेरची केबल नव्हती तिथलं सगळं शाबूत. त्यामुळं माझ्या मते प्रश्न १०० मीटरचा नाहीच, दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची तार नेऊ का, हा आहे. आणि त्याचं उत्तर नाही.

निवृत्त_लाईनमन
जेवण झालं. ताईंनी माझं काम सोपं केलं. दोन इमारतींची अर्थिंग वेगवेगळी असते. जवळपास वीज पडली की जमिनीतून करंट पसरतो आणि दोन ठिकाणच्या अर्थमध्ये काही क्षण हजारो व्होल्टचा फरक पडतो. मध्ये तांब्याची तार असली की तो फरक त्या तारेतून वाट काढतो. लॅनच्या पोर्टात बारका ट्रान्सफॉर्मर असतो, तो १५०० व्होल्टपर्यंत सोसेल असा धरलेला आहे, त्याच्यापुढे तो काय करणार. आमच्या एक्स्चेंजमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडीला एमडीएफवर (बाहेरच्या जोड्या जिथे येऊन जोडतात ती चौकट) गॅस भरलेली नळी असायची, व्होल्टेज वाढलं की ती अर्थला सोडून द्यायची, आणि तो अर्थ आम्ही पाणी घालून सांभाळायचो. घरी एवढं कोण करतो? तुमच्या भागात एप्रिल-मेमध्ये गडगडाट किती असतो ते मी सांगायला नको. फायबर काचेचं, करंट जातच नाही. प्रश्न मिटला.

मळ्यातला_मी
हे दुकानदारानं काय सांगितलं नाही. पण काका फायबर म्हणजे खर्च किती, मला वाटलं ते कंपन्यांचं काम, घरगुती कुणी करतंय काय?

उद्यमबागकर
करतात की. तुमच्या जुन्या घराच्या भिंतीवर जी पातळ काळी चपटी तार आलीय तीच ड्रॉप केबल बाजारात मीटरवर मिळते. चांगल्या तांब्याच्या कॅट सिक्स बॉक्सला जेवढे पैसे जातात त्याच्या निम्म्याच्या आसपास ३०० मीटर फायबर आणि मीडिया कन्व्हर्टरची (फायबरचा प्रकाश आणि लॅनचा सिग्नल एकमेकांत बदलणारा डबा) जोडी दोन्ही बसतात. स्वस्त बॉक्स बघितला असेल तर तो तांब्याचा नव्हेच, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो.

निपाणीचा_गडी
ह्याला माझा जोरदार पाठिंबा 👍 बॉक्सवर सीसीए (म्हणजे हीच मुलामावाली) बारीक अक्षरात लिहितात नाहीतर लिहीतच नाहीत. ओळखायचं सोपं, एक तार काढा, ब्लेडनं हळू खरवडा, आत पांढरं दिसलं की ॲल्युमिनियम. चुंबक लावून काय कळत नाही, ॲल्युमिनियमला पण चुंबक लागत नाही. दोन-तीनदा वाकवली की तुटते, क्रिंप करताना हातातच येते. त्यावर पीओई द्यायचा म्हणजे कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री इन्फ्रारेडच्या लाईटी पेटल्या की बंद-चालू बंद-चालू. गिऱ्हाईक म्हणतो कॅमेरा खराब. कॅमेरा कसला खराब, रात्री करंट जास्त ओढला की तारेत व्होल्टेज पडतंय.

उद्यमबागकर
त्याच्याही वर कहर म्हणजे १२ व्होल्टचा अडॅप्टर गावात लावून लॅनच्या मोकळ्या तारांतनं २५० मीटर पाठवणारे. अर्धा अँपिअरला चांगल्या तांब्यात पण दहा व्होल्ट वाटेतच जातात, पोचतात दोन. पीओई ४८ व्होल्टवर चालतो तो उगीच नाही.
बरं, फायबरकडं या. मळ्यातला, कागद घे. सिंगल मोड ड्रॉप केबल, दोन कोरची घे, एक वापरात एक राखीव. कन्व्हर्टर गिगाबिटचाच, एका काचेवर चालणारा, त्यात दोन प्रकार असतात ए आणि बी. एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलटं. दुकानदारानं दोन्ही ए दिले तर दोघं एकाच लहरीवर बोलतील, ऐकणार कुणीच नाही, लाईट लागणार नाही. पाकिटावर बघून घे. २० किलोमीटरचा म्हणून विकतात, तीनशे मीटरला पण तोच, काय जळत बिळत नाही. १००चा एक आणि गिगाबिटचा एक असं पण करू नको, काचेवर ते एकमेकांशी बोलत नाहीत.

मळ्यातला_मी
लिहून घेतलं. जोड कोण मारून देणार पण?

चंदगडी_काजू
ज्यानं खांब नाहीत म्हणून सांगितलं तोच 😂 त्याच्याकडंच स्प्लायसिंगचं मशीन असतंय. त्याला म्हण अण्णा तुझं कनेक्शन नको, चार जोड मारून दे, चहा पाजतो. रविवारी येतोय बघ.

टिळकवाडीची_ताई
एक मात्र. जुनं घर आणि मळा एकाच कुटुंबाचं आहे म्हणून ठीक, शेजाऱ्यांना वाटून पैसे घेऊ नका, ते कनेक्शनच्या अटीत बसत नाही. आणि लाईटच्या खांबावर केबल बांधू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. स्टीलच्या आधारतारेची केबल खांबावर चढवून माणसं गेलेली आहेत.

निवृत्त_लाईनमन
स्टीलच्या तारेवरून आठवलं. ड्रॉप केबलमध्ये आधाराला स्टील असतं किंवा एफआरपीची (करंट न जाणाऱ्या फायबरग्लासची) काडी असते. तुम्ही एफआरपीवाली मागा. स्टीलवाली असली तर ते स्टील बाहेर भिंतीपाशीच तोडा, घरात आणू नका, नाहीतर काच घालूनही विजेला लोखंडाची वाट तुम्हीच करून दिली असं होईल.

मळ्यातला_मी
खांबावर नाही, पुरणारच आहे. किती खोल?

निवृत्त_लाईनमन
बांधाच्या अगदी कडेला दोन फूट. ट्रॅक्टरचा नांगर फूटभर सहज जातो, त्याच्या खाली राहिलं पाहिजे. नुसती केबल मातीत घालू नका, घुशी आणि भाताच्या बांधातले खेकडे दोन्ही आहेत तुमच्याकडे. पाण्याची काळी एचडीपीई पाईप असते त्यातून न्या, वळणं मोठी ठेवा, काटकोनी एल्बो नको. पाईप टाकतानाच आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. वर फूटभर माती ओढल्यावर एक पिवळी नाहीतर लाल पट्टी टाका, पुढे कुणी खणायला लागला तर आधी पट्टी दिसेल. आणि वाटेत दोन-तीन ठिकाणी दगड रोवा, आपण मरून गेल्यावर नातवाला कळायला पाहिजे केबल कुठून गेली ते.

चंदगडी_काजू
काका नातवाच्या वेळेला तारच नसेल, सगळं हवेतनं.

निवृत्त_लाईनमन
हे मी १९९० पासून ऐकतोय. खणायचं काम काही थांबलेलं नाही.

निपाणीचा_गडी
दोरी आत गेली नसली तर ट्रिक सांगतो, बारक्या दोऱ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीचा बोळा बांधा, दुसऱ्या टोकानं व्हॅक्यूम क्लीनर लावा, सुळकन येतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असला तर मागनं हवा मारा. मग दोऱ्यानं दोरी, दोरीनं केबल. काच आहे म्हणून हिसके मारू नका, आधाराची काडी धरून ओढा.

कॉलेजकट्टा
एक शंका. फायबर वाकवली की तुटते ना? कोपऱ्यात काय करायचं?

उद्यमबागकर
जुनी जात जास्त वाकवली की प्रकाश गळायचा, तिला ३० मिलिमीटरची त्रिज्या धरायचे. आता घरांसाठी येते ती जी ६५७ जातीची, ए१ ला १० मिलिमीटरची त्रिज्या चालते, ए२ ला साडेसात. कोपऱ्यात गोल वळव, खिळ्यानं चेपू नको, बास.

मळ्यातला_मी
(गणपतीनंतर)
मंडळी काम झालं, म्हणजे होत आलंय. पाऊस जरा उघडला तसं भावानं आणि मी बांधाच्या कडेनं चर मारला, माती मऊ होती म्हणून बरं, उन्हाळ्यात तो तांबडा मुरूम हाताला आला नसता. पाईप, दोरी, पट्टी, दगड सगळं काकांनी सांगितलं तसं. केबलवाला अण्णा आला, त्यानं फणसाखाली सतरंजी टाकून मशीन मांडलं, केसाएवढी काच पुसून कापून मशीनच्या दोन चिमट्यांत ठेवली, स्क्रीनवर दोन्ही टोकं एकमेकांसमोर सरकताना दिसतात आणि चट्‌ करून चिकटतात. मग लाल लाईटचा पेन गावाकडच्या टोकाला लावला तर इकडं मळ्यात टोकाला लाल ठिपका. माझी आई म्हणाली एवढ्यासाठी एवढं खणलं?
अडचण अशी की कन्व्हर्टरची फायबरची लाईट लागते, मधीच जाते, परत लागते. पिंग लावला तर दहातले तीन-चार गळतात. अण्णा म्हणतोय माझे जोड बरोबर आहेत, तुमचं मशीन बोगस.

उद्यमबागकर
टोकाच्या कनेक्टरचा रंग सांग. हिरवा की निळा?

मळ्यातला_मी
दोन्हीकडं हिरवा. कन्व्हर्टरचं भोक निळं आहे. बसतंय तर व्यवस्थित.

उद्यमबागकर
तेच. घरगुती कनेक्शनला हिरवा लागतो म्हणून अण्णाच्या पेटीत हिरवेच असणार. हिरव्याचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. आत टेकतात तेव्हा मधी फट राहते, प्रकाश तिथंच सांडतो. जोड त्याचे बरोबर असतील, कन्व्हर्टरही बरोबर. दोन्ही टोकांना निळे एससी पिगटेल (कनेक्टर बसवूनच येणारा फायबरचा तुकडा) लाव. ओढून घुसवाघुसवी करू नको, तोंडाला चरे पडतात.

मळ्यातला_मी
बेळगावातनं निळे पिगटेल आणले, अण्णानं बदलून दिले. लाईट एकदम स्थिर. त्याच्या मीटरवर उणे ७ डीबीएमच्या आसपास दिसतंय, ते बरं काय?

उद्यमबागकर
उत्तम. पाव-एक किलोमीटरला काचेत घट ०.१ डीबी पण नाही, जे काय जातंय ते कनेक्टरात. ह्या कन्व्हर्टरना साधारण उणे वीसपर्यंत चालतं, म्हणजे भरपूर जागा आहे.

मळ्यातला_मी
मळ्यात स्पीड टेस्ट केली, गावातल्या घरात येतो तेवढाच आकडा. पुण्याच्या मॅनेजरनं विचारलं आज आवाज तुटत नाही काय झालं. आता वायफायचं, मळ्यात जुना राऊटर आहे तो लावला तर चालेल ना? लावून बघितला तर मळ्यातनं गावातला प्रिंटर दिसत नाही.

टिळकवाडीची_ताई
तो राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडला टाका. मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा आयपी मुख्य राऊटरच्याच रांगेतला पण वेगळा द्या, आणि कन्व्हर्टरची केबल वॅन भोकात नाही, लॅनच्या भोकात लावा. प्रिंटर दिसेल. आणि लाईट जाते तेव्हाचं बघा. कन्व्हर्टर दोन्हीकडं आहे म्हणजे दोन्हीकडं बॅकअप पाहिजे, नाहीतर मळ्यात इन्व्हर्टर चालू आणि गावातला डबा बंद, तुम्ही मळ्यात शोधत बसाल. राऊटरसाठी जो बारका यूपीएस मिळतो त्याला ५ व्होल्टचं पण तोंड असतं, बरेच कन्व्हर्टर ५ व्होल्टवरच चालतात, अडॅप्टरवर वाचून मगच लावा.

मळ्यातला_मी
झालं ताई, प्रिंटर आला. यूपीएस उद्या. गोठ्याचे कॅमेरे मळ्यातल्या घरापासनं चाळीस मीटरवर आहेत, ते तांब्यावर टाकले तर वीज परत तिथनं नाही का येणार?

निवृत्त_लाईनमन
गोठ्याला लाईट कुठून दिलीय? घराच्याच बोर्डावरून असेल तर अर्थ एकच झाला, धोका बराच कमी. वेगळं मीटर असेल तर तिथेही काचच. आणि कमी म्हणजे शून्य नव्हे, वळीव सुरू झाला की कॅमेऱ्याच्या स्विचची पिन काढून ठेवायची सवय ठेवा, गाईला त्या अर्ध्या तासात कोण नेत नाही.

हुक्केरीचा_पोल्ट्रीवाला
सगळा धागा वाचला. माझा प्रश्न बारका आहे. पोल्ट्रीचं शेड लांबलचक आहे, एका टोकाला ऑफिस, दुसऱ्या टोकाच्या कॅमेऱ्यापर्यंत केबल ११५ मीटर भरतेय. एकच शेड, एकच अर्थ. एवढ्यासाठी पण फायबर घालू काय? केबल अस्सल तांब्याची आहे, खरवडून बघितली.

निपाणीचा_गडी
नको. स्विचवर ते एक्सटेंडचं बटन दाबा, कॅमेऱ्याला चार-पाच एमबीपीएस लागतात, १० मध्ये बसतो. बटन नसलं तरी ११५ ला कधी कधी १०० वर पण लिंक धरते, पण ती उन्हाळ्यात पत्रा तापला की सोडेल, तांबं तापलं की घट वाढते. मी ती जोखीम गिऱ्हाइकाकडं घेत नाही.

उद्यमबागकर
सहमत. नाहीतर शेडच्या मधोमध लाईटचा बोर्ड असेलच, तिथं साधा पाच पोर्टचा स्विच लावा, प्रत्येक बाजूला साठ-साठ मीटर. फक्त डबा बंद घ्या, कोंबड्यांच्या शेडातली धूळ आणि अमोनिया पिना खाऊन टाकतो.

हुक्केरीचा_पोल्ट्रीवाला
मधी बोर्ड आहे. तोच करतो. डबा कुठल्या मापाचा घेऊ?

निपाणीचा_गडी
स्विचच्या दुप्पट लांबीचा. अडॅप्टर पण आतच बसला पाहिजे. केबलची भोकं खालच्या बाजूनं पाडा, वरनं नाही.